बाबांचा जपान

आमच्या घरात जपान कोणी पाहिलेला नव्हता, पण रविवारी सकाळी पोह्यांवर तर्री पडली की बाबांच्या तोंडून जपान सुरू व्हायचा. न्यू जर्सीत पिस्कॅटवेतल्या त्या घराचं स्वयंपाकघर इतकं चिंचोळं होतं की फ्रिज उघडायचा तर कोणीतरी खुर्ची सोडून उठावं लागे, आणि बाबा बोलत असताना उठायची कोणाची टाप नव्हती. त्यामुळे मला दूध मिळायचं ते जपानात रेल्वे सुरू झाल्यावरच. "कमरेला दोन-दोन तलवारी लावून फिरणारे लोक होते ते," बाबा म्हणायचे, "पण एका पिढीत त्यांनी शेंड्या कापल्या, तलवारी खाली ठेवल्या अन् कारखाने काढले. कोणी येऊन उपकार केले का त्यांच्यावर? नाही. आपले आपण उठले." शेंड्या कापल्या, हे वाक्य बाबांचं विशेष लाडकं होतं. ते ऐकलं की आई कढईकडे बोट दाखवून म्हणे, "ते उठले ते बेस झालं. आता तुम्ही उठा, अन् ही घासून द्या." मग बाबा कढई घासत घासत जपानचं आरमार उभं करत.

शेंड्या, रेल्वे, आरमार ही सगळी प्रस्तावना होती. बाबांना खरं सांगायचं असे ते सगळ्यात शेवटी येई आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली जाई. त्या देशातही म्हणे आपल्यासारखी माणसं होती. मेलेली जनावरं ओढायची, कातडी कमवायची, गावाबाहेर राहायची, आणि त्यांच्या हातचं कोणी खायचं नाही. नव्या सरकारनं एक हुकूम काढला आणि त्यांना बाकीच्यांच्या बरोबरीनं बसवलं. "एका सहीनं!" बाबा टेबलावर बोटानं सही करून दाखवत. बाबांच्या आजोबांनी हयातभर मेलेली गुरं ओढली होती, म्हणून त्या सहीचं त्यांना एवढं अप्रूप. पुढं मोठी झाल्यावर मी वाचलं की त्या हुकमानंतरही त्या वस्त्या गावाबाहेरच राहिल्या, काही ठिकाणी तर बाकीच्यांनी त्या पेटवून दिल्या. बाबांना हे अजिबात ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. सहीनं जात सुटत नाही हे ज्याला नागपुरात उमगलंय त्याला जपानचं वेगळं कोणी सांगायला नको. पण माणसाला कुठंतरी एखादा देश असा हवा असतो, जिथं ते एकदा घडलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक जेवण होतं. बाबा कॉलेजात असताना आमच्या वस्तीत एक जपानी भंते आले होते. कुठून आले, कुठं गेले, कोणाला धड माहीत नाही. आजीनं अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर केली होती. भंते गोणपाटावर मांडी घालून बसले, भाकर मोडून खाल्ली आणि खुणेनं आणखी भाजी मागितली. आमच्या घरात बाहेरचा माणूस जेवला तो हा पहिला. आजी त्या दिवशी भिंतीला टेकून नुसती रडत राहिली, असं बाबा सांगत. मला वाटतं बाबांचा जपान त्या गोणपाटावरच सुरू झाला आणि तिथंच संपला. बाकी सगळं त्यांनी मागाहून त्याला जोडलं.

मी दहा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून इकडे आलो. त्या वर्षांत अमेरिकेला जपानचा फार राग होता. जपानी गाड्या आल्या, आपले कारखाने बुडाले, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. बाबांनी हट्टानं जपानीच गाडी घेतली आणि त्यांच्या लॅबच्या पार्किंगमध्ये कोणीतरी तिच्यावर किल्लीनं लांबलचक ओरखडा काढला. बाबा तो ओरखडा पाहुण्यांना कौतुकानं दाखवत. "जळतात," म्हणत. शाळेत मात्र माझी पंचाईत व्हायची. इतिहासाच्या पुस्तकात जपान एका पानावर नुकता जागा होऊन शाळा काढत होता आणि पान उलटलं की एकदम अमेरिकेच्या बोटींवर बॉम्ब टाकत होता. मधे काय झालं? शाळा काढणारे आणि बॉम्ब टाकणारे तेच का? मी टीचरला विचारलं तर ती म्हणाली, "गुड क्वेश्चन," आणि पुढच्या धड्याकडे वळली. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "गोऱ्यांनी लिहिलेला इतिहास आहे, बेटा. आशियातला कोणी उभा राहिला की त्यांना तो गुंडच वाटतो." दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा ते मला कळेना. सवयीनं मी बाबांवर ठेवला.

आता मी राहते त्या कॅरी गावात बुद्धजयंतीला गाड्या लावायला जागा पुरत नाही. आयटीतली पोरं-पोरी बाळांना कडेवर घेऊन येतात, केटरर येतो, माझी नात इंग्रजीतून पंचशील म्हणते. तेव्हा अख्ख्या न्यू जर्सीत आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी घरं होतो. मराठी लोकांच्या कार्यक्रमांना आम्ही जायचो, नाही असं नाही, पण तिथं कोणीतरी हसतमुखानं जवळ येऊन विचारायचंच, "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" उत्तर ऐकलं की हसू तसंच राहायचं, फक्त माणूस हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकायचा. म्हणून आमची वंदना आळीपाळीनं कोणाच्या ना कोणाच्या दिवाणखान्यात व्हायची. जयंतीला मात्र दिवाणखाना पुरेना.

तेव्हा बाबांच्या लॅबमधले पार्क काका मदतीला आले. ते कोरियन. त्यांना काका आम्हीच केलं होतं, आणि ते ऐकून त्यांना मोठी गंमत वाटायची. त्यांच्या लोकांचं एक बुद्धमंदिर होतं. बाहेरून साधं दुमजली घर, वर बुद्धाची सोनेरी मूर्ती, खाली लिनोलियम घातलेला हॉल आणि स्वयंपाकघर. तो खालचा हॉल त्यांनी आम्हाला मिळवून दिला. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबांनी दारात बूट काढले, आत जाऊन त्रिशरण म्हटलं आणि परत येऊन गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. "पाहिलंस का," ते आईला म्हणाले, "आडनाव विचारलं नाही कोणी." आई म्हणाली, "विचारलं असतं तरी त्यांना काय कळणार होतं?" तेही खरंच होतं. पण बाबांच्या लेखी ते दार सगळ्या दारांहून मोठं होतं, हे मला त्या वयातही समजत होतं.

पार्क काकांच्या आईला सगळे हाल्मोनी म्हणायचे. त्यांच्या भाषेत आजी. बुटकी, केस बारीक कुरळे केलेले, पायात कायम लोकरीचे मोजे, आणि मंदिरातल्या सगळ्या बायकांवर तिची हुकमत. तांदूळ कोणी कसे धुवायचे इथपासून कोणी कोणाशी लग्न करू नये इथपर्यंत तिचं मत असे. जयंतीआधी कागदाच्या कमळांचे कंदील करायची त्यांच्याकडे रीत आहे. गुलाबी कागदाच्या पाकळ्या टोकाला पीळ देऊन एकावर एक चिकटवायच्या. दर शनिवारी आई मला तिथं मदतीला सोडायची. माझ्या पाकळ्या वाकड्या व्हायच्या. हाल्मोनी त्या उपटून टाकायची, "अगेन" म्हणायची, आणि पुन्हा वाकडी झाली की माझ्या तोंडात तांदळाच्या गोड वडीचा तुकडा कोंबायची. हॉलभर भाजलेल्या जवाच्या चहाचा वास भरलेला असे. तिला इंग्रजी जेमतेम, मला कोरियन शून्य, तरी आमच्या गप्पा चालत. ती मला "पुराग्या" म्हणायची. प्रज्ञा म्हणणं इथं कोणालाच जमलं नाही, पण निदान ती प्रयत्न तरी करायची.

एका शनिवारी मी शाळेसाठी लायब्ररीतून आणलेलं जपानवरचं पुस्तक बरोबर नेलं होतं. त्यात एका जुन्या जपानी पाठ्यपुस्तकातल्या पानाचा फोटो होता. हाल्मोनीनं हात पुसले, पुस्तक लांब धरलं आणि ते पान घडाघडा वाचून दाखवलं. अडखळली नाही, थांबली नाही, एखाद्या शाळकरी पोरीसारखी ताठ मानेनं, एका सुरात. मी टाळ्याच वाजवल्या. "हाल्मोनी, यू नो जॅपनीज!" तिनं पुस्तक मिटलं, माझ्या बाजूला सरकवलं, "स्कूल," एवढंच म्हणाली आणि पाकळ्या घेऊन बसली. त्या दिवशी तिनं माझी एकही पाकळी उपटली नाही. मला वाटलं मी सुधारले.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं, आणि बाबांचा आनंद गगनात मावेना. कोरियातली म्हातारी जपानी बोलते! म्हणजे पाहा, म्हणाले, हे सगळे बौद्ध देश आतून कसे एक आहेत. त्या वर्षीच्या जयंतीत मुलांचा एक देखावा ठरला होता. एकेका मुलानं एकेक बौद्ध देश व्हायचं, आपलं निशाण घेऊन यायचं आणि चार वाक्यं बोलायची. मी सगळ्यात उंच, म्हणून मी जपान. आता बाबांनी ठरवलं की जपानचं निशाण लहान नको, मोठं करून मंचाच्या मागं लावू, पंचशीलाच्या झेंड्याच्या शेजारी. "हाल्मोनीला सरप्राइज देऊ," ते म्हणाले. हे तिच्यासाठी होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नाही.

गराज सेलमधून आणलेल्या आमच्या जुन्या विश्वकोशात जपानची दोन निशाणं शेजारी शेजारी होती. एकात पांढऱ्यावर नुसता लाल गोळा, आणि दुसऱ्यात त्या गोळ्यातून चहूकडे लाल पट्टे निघालेले. पहिलं पाहून बाबा म्हणाले, "हे बोडकंच वाटते." दुसरं पाहिलं आणि ते खुर्चीतून उठलेच. पंचशीलाच्या झेंड्याचे रंग म्हणजे बुद्धाच्या देहातून बाहेर पडलेली किरणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "किरणं आहेत, पाहा! तेच आहे हे. लाल रंगात केलं, एवढंच." जो माणूस लॅबमध्ये एकेक थेंब तपासून बघतो त्याला त्या दिवशी काही तपासावंसं वाटलं नाही. मलाही नाही. किरणं तर दिसतच होती. आईनं पांढरी चादर काढली, जुन्या लाल साडीचे पट्टे कापले, आणि दोन संध्याकाळी मशीनवर बसून तो सूर्य शिवला. पट्टे सरळ यावेत म्हणून मी टाचण्या लावत होते. सूर्य सुरेख झाला होता, खोटं कशाला बोलू?

कोरियन लोकांची जयंती आमच्याआधी आठवडाभर होते, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा छताला कमळं अजून लटकत होती. मागच्या खुर्च्यांवर दहा-बारा कोरियन मंडळी पाहुणचार म्हणून येऊन बसली होती. हाल्मोनी स्वयंपाकघरात होती. आमच्या बायकांनी खिरीचं पातेलं चढवलं होतं आणि दूध लागू नये म्हणून ती स्वतः पळी घेऊन उभी होती. वंदना झाली, मग पडदा म्हणून धरलेली साडी बाजूला झाली आणि आमचा देखावा दिसला. किमोनो म्हणून आईच्या ड्रेसिंग गाऊनवर ओढणी आवळून मी मधोमध उभी, माझ्या मागं तो सूर्य. बाबा पाहुण्यांसाठी इंग्रजीत बोलू लागले. जपाननं आशियाला उभं राहायला शिकवलं, ते म्हणाले. मागच्या रांगेतलं कुजबुजणं थांबलं. मला वाटलं लोक रंगले. पार्क काकांनी हात अर्धा वर केला आणि तसाच ठेवला, जसं वर्गात उत्तर येत नसताना कोणी करतं.

तेवढ्यात हाल्मोनी वाट्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं वर पाहिलं. ट्रे जवळच्या टेबलावर अगदी नीट ठेवला. मग ती ताठ उभी राहिली, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि त्या निशाणाकडे तोंड करून कमरेतून वाकली, खूप खाली. पुन्हा सरळ झाली आणि जपानीत भराभर काहीतरी म्हणू लागली, त्या दिवशी पुस्तक वाचताना होता त्याच आवाजात. म्हातारीच्या तोंडून लहान मुलीचा आवाज. तिचं म्हणून झालं. आणि मग आमच्या लोकांनी, आपल्याकडे धम्मातलं काही चांगलं ऐकलं की म्हणतात तसं, हात जोडून एका आवाजात म्हटलं, "साधु, साधु, साधु!" सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

हाल्मोनीनं आमच्याकडे पाहिलं. रागानं नाही. झोपेतून कोणी भलत्याच घरात जागं व्हावं तसं पाहिलं. मग ती वळली, स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला, कोट घेतला आणि बाहेर जाऊन मुलाच्या गाडीत बसली. मागच्या रांगा एकेक करून रिकाम्या झाल्या. काय झालं ते आमच्यात सगळ्यात आधी आईला कळलं. कसं ते तिलाही सांगता आलं नाही. ती कोणाला न विचारता खुर्चीवर चढली आणि तिनं तो सूर्य खाली ओढला.

पार्किंगमध्ये पार्क काका बाबांशी बोलले. मी ड्रेसिंग गाऊनमध्ये शेजारी उभी. काका आवाज न चढवता बोलत होते, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. ते निशाण घेऊन सैन्य आमच्या देशात आलं, ते म्हणाले. माझ्या आईच्या शाळेत रोज सकाळी सगळ्या मुलांनी त्यांच्या राजाच्या महालाच्या दिशेनं वाकायचं आणि शपथ म्हणायची. आमची भाषा बोलली तर मार. तिचं नावसुद्धा बदलून जपानी केलं. बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की काही आत जात नाहीये. शेवटी ते म्हणाले, "बट दे आर बुद्धिस्ट्स." पार्क काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "त्यांचे भिक्खूही आले होते," ते म्हणाले. "सैन्याबरोबर." आणि मग त्यांनी सांगितलं की हॉलचं पुढं काय करायचं ते आता मंदिराची समिती ठरवेल.

घरी त्या आठवड्यात कोणी जपानचं नाव काढलं नाही. रविवारी पोहे झाले, आणि दूध मी मागितल्याबरोबर मिळालं. बाबा अधूनमधून मधेच बोलत, आमच्याशी नव्हे, समोरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीशी. "ज्यांनी आपल्यासारख्यांना माणसात घेतलं, तेच दुसऱ्याच्या घरात घुसून वाका म्हणतात? कसं जमते हे?" मी माझ्या इतिहासाच्या पुस्तकातली ती दोन पानं पुन्हा पुन्हा उलटत होते. त्यांच्यामधे जे नव्हतं ते आता मला माहीत होतं, पण त्यानं ती दोन पानं जोडली जात नव्हती. रेल्वे, शाळा, सही हे खरं, की वाकलेली हाल्मोनी खरी? दोन्ही खरं असू शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आज माझी साठी आली तरी ते नीट पचलेलं नाही. आणि त्या सगळ्याखाली एक साधी भीती होती, जी घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं. ज्या एका दारात आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं, ते दार आमच्या हातानंच बंद होणार होतं.

समितीनं कळवलं, हाल्मोनी म्हणेल तसं. मग आईनं खीर केली आणि आम्ही तिघं पार्क काकांच्या घरी गेलो. हाल्मोनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. आत शिरताच बाबा गुडघ्यांवर बसले आणि भंतेंना करतात तसा पंचांग प्रणाम करायला वाकले. हाल्मोनी ओरडलीच. "नो! नो बो! सिट!" बाबा दचकून कार्पेटवरच बसले. आईनं वाटीत खीर वाढून तिच्या हातात दिली. तिनं हुंगून पाहिली, चमचा घातला, आणि खाता खाता बोलू लागली. पार्क काका इंग्रजीत सांगत गेले.

ती म्हणाली, मी वर्गात पहिली यायचे. जपानी पाठांतराचं बक्षीस मला मिळायचं. मला शाळा आवडायची, नवे बूट आवडायचे, आणि आमच्या गावात त्यांनी रेल्वे आणली ती तर फारच आवडायची. त्याच रेल्वेत बसवून त्यांनी माझ्या भावाला खाणीत कामाला नेलं. तो परत आला नाही. एवढी वर्षं झाली, देश बदलला, आणि परवा ते निशाण दिसलं तर माझी पाठ आपोआप वाकली. "मला तुझा राग नाही आला," ती बाबांना म्हणाली, "माझ्या पाठीचा आला." मला रडू येत होतं, आणि एकीकडे मी विचार करत होते, हिलाही रेल्वे आवडायची. बाबांसारखीच.

मग तिनं चमचा रोखून विचारलं, तुला का एवढे आवडतात ते? बाबांनी त्या हुकमाचं सांगितलं, कातडी कमावणाऱ्या लोकांचं, एका सहीचं. पार्क काकांनी ते कोरियनमध्ये सांगितल्यावर हाल्मोनी जोरात मान हलवून हसली. अरे, तसले आमच्याकडेही होते, ती म्हणाली. ओढ्यापलीकडे राहायचे. गुरं कापायचे, कातडी करायचे. मोठमोठी माणसं, पण आम्हा पोरांसमोरही वाकायची. आम्ही त्यांच्या पोरांना दगड मारायचो, कोणाचा नेम लागतो बघायचो. हे ती लहानपणीच्या खोड्या सांगाव्यात तसं सांगत होती. पार्क काकांनी ते तसंच्या तसं इंग्रजीत आमच्यापुढं ठेवलं. ते काय सांगताहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. आई माझ्याकडे बघेना. हाल्मोनीनं खीर संपवली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी या. फक्त ते निशाण नको.

बाबा पार्क काकांकडे वळले आणि हळू, स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "तिला सांगा, आमच्या देशात ओढ्यापलीकडचे ते लोक म्हणजे आम्ही. माझे आजोबा, माझे वडील, मी." पार्क काकांचा चेहरा उतरला. ते हाल्मोनीशी काहीतरी बोलले, अगदी थोडक्यात. हाल्मोनीनं रिकामी वाटी उचलून दाखवली आणि आनंदानं म्हणाली, "स्वीट!" आम्ही निरोप घेऊन बाहेर आलो.

गाडीत बसता बसता आईनं विचारलं, "त्यांनी सांगितलं का पण तिला?"

बाबा दार उघडून तसेच उभे राहिले. "आता जाऊ द्या," आई म्हणाली, "हॉल मिळाला ना आपल्याला?" मलाही तेच वाटत होतं. चला ना बाबा, इट्स ओके, लेट्स गो, असं मी म्हटल्याचंही आठवतं. बाबा म्हणाले, "आपण कोण ते न सांगता मिळालेला हॉल तर आपल्याला नागपुरातही मिळत होता," आणि परत फिरले. मी त्यांच्या मागं धावले.

दार हाल्मोनीनंच उघडलं. बाबांनी या वेळी कोणाला मधे घेतलं नाही. तिला समजेल असे एकेक शब्द त्यांनी काढले. रिव्हर, म्हणाले, आणि हातानं पलीकडे दाखवलं. काऊ, स्किन, पीपल. मग छातीवर हात ठेवला. "मी. माय फादर. सेम पीपल." हाल्मोनीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, आणि मला ते हसू ओळखीचं होतं. आता ती हळूच आत सरकणार, मला वाटलं. पार्क काका मागून येऊन उभे राहिले. ती सरकली नाही. बाबांकडे बघतच ती मुलाला काहीतरी म्हणाली. त्यांना ते इंग्रजीत आणायला वेळ लागला. "ती विचारते आहे," ते म्हणाले, "तुलाही पोरं दगड मारायची का?"

बाबांनी कपाळावरचे केस मागं केले. तिथं एक पांढरट व्रण होता, भुवईपासून वर गेलेला. हाल्मोनीनं टाचा उंचावल्या आणि त्यावर आपलं बोट ठेवलं. ते बोट ती काढेना, आणि बाबाही हलेनात. तो व्रण सायकलवरून पडल्याचा आहे, असं बाबांनी आम्हाला तोवर सांगितलं होतं.